‘येते’ म्हणायचं नाही

"इथनं निघताना ‘येते’ म्हणायचं न्हाई. ‘जाते’ म्हणायचं."

सुटून चाललेल्या बाईला तुरुंगाच्या मोठ्या दाराशी थांबवून वहिनी हे बजावत. अर्थात त्यांच्या हिंदीत. "आती हूँ नहीं बोलने का. जाती हूँ बोल." आपल्याकडे घरातून निघणारं माणूस ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतं. मागे राहिलेल्यांना धीर असावा म्हणून. तुरुंगाच्या दारात हा रिवाज चालायचा नाही, एवढं कुणालाही कळेल. पण तो उलटा करून वापरायचं वहिनींना सुचलं. मला सुचलं नाही, आणि पगार घेऊन तिथे नोकरी करत होते मी.

ती बाई ‘जाती हूँ’ म्हणाली की वहिनी तिला ओढणी पसरायला सांगत आणि तिची ओटी भरत. ओंजळभर तांदूळ, एक नारळ, एक खण. माहेराहून निघालेल्या लेकीची भरतात तशी. त्या बायका पंजाबातल्या, हरियाणातल्या. ओटी म्हणजे काय ते एकीलाही ठाऊक नसायचं, पण ओढणी मात्र सगळ्या नीट धरत, एक दाणा खाली पडू देत नसत. मग वहिनी म्हणत, "जा." आणि पाठ फिरवून चालू लागत. निरोपाचं रडणं नाही, डोक्यावरून हात फिरवणं नाही.

मी दोन पावलं मागे उभी राहून हे सगळं बघत असे. तुम्ही म्हणाल, किती छान. छानच होतं. माझ्या पोटात मात्र दुखायचं.

त्यांचं नाव सांगत नाही. चंदीगडच्या महाराष्ट्र मंडळात लहानथोर सगळे त्यांना वहिनीच म्हणत. माहेर आणि सासर दोन्ही साताऱ्याकडचं, नवरा हवाई दलात विंग कमांडर. आडव्या बांध्याच्या, मोठ्या आवाजाच्या. थंडीत साडीखाली नवऱ्याचे लोकरी मोजे आणि कॅनव्हासचे बूट घालून बिनदिक्कत मंडळाच्या गणपतीत आरतीला उभ्या राहत. अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. आपण आरशासमोर अर्धा तास घालवून जावं आणि सगळ्यांनी तिच्याभोवती खुर्च्या ओढाव्यात.

मी पुण्याची. समाजकार्याची पदवी घेतलेली. माझे यजमान सेक्टर ३९ मधल्या सरकारी संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ, म्हणून आम्ही चंदीगडला. अतिरेक्यांच्या त्या वर्षांत पंजाब म्हटलं की पुण्यातले नातेवाईक आवाज खाली आणून बोलत. आम्हाला सवय झाली होती. चौकाचौकात वाळूची पोती आणि त्यामागे बंदूक धरलेला शिपाई, बसमध्ये चढण्याआधी पिशव्यांची झडती, बेवारस वस्तूला हात लावू नका असं ओरडत फिरणारी जीप. संध्याकाळ झाली की बाजार गुपचूप मिटायचा. अशा गावात मला तुरुंगाच्या महिला विभागात कल्याण अधिकारी म्हणून नोकरी मिळाली होती आणि मला तिचा फार अभिमान होता. माणूस सुधारतो, त्याला सुधारायची संधी हवी, तुरुंग ही सूड घ्यायची जागा नव्हे, हे मी मनापासून मानत होते. आजही मानते.

वहिनी तुरुंगात आल्या त्या कांबळी वाटायला. हवाई दलातल्या अधिकाऱ्यांच्या बायकांची एक संस्था होती, तिच्यातर्फे. बाकीच्या बायका कांबळी देऊन, चहा घेऊन, नाकाला रुमाल लावून गेल्या. वहिनी मागे राहिल्या. अंगणात कैदी बायका स्वयंपाकघरासाठी सरसोंचा, म्हणजे मोहरीच्या पाल्याचा, ढीग निवडत बसल्या होत्या. वहिनी त्यांच्यात फतकल मारून बसल्या आणि निवडायला लागल्या. थोड्या वेळाने शेजारणीला म्हणाल्या, "इतना मोटा देठ मत रखो. तुम्हारे दाँत हैं, मेरे नहीं." त्या अंगणात तोवर कुणी मोठ्याने हसलेलं मी ऐकलं नव्हतं.

मग दर गुरुवारी येऊ लागल्या. परवानगी मीच काढून दिली. त्या काहीही शिकवत नसत. मी अक्षरओळखीचे वर्ग घेई, भरतकाम शिकवी, एकेकीला समोर बसवून तिचं मन मोकळं करण्याचा प्रयत्न करी. त्या येऊन भाजी निवडत. आणि गुरुवारी माझा वर्ग रिकामा. मी वार बदलला, तर वहिनी म्हणाल्या, "बरं झालं, आता मला मोकळं अंगण मिळतंय."

त्या बायका मला ‘मॅडमजी’ म्हणत. मी किती वेळा सांगितलं, दीदी म्हणा. नाही. वहिनींनी काहीच सांगितलं नव्हतं. महिन्याभरात त्या बायका ‘मावशी’ हा मराठी शब्द शिकून त्यांना ‘मावशी, मावशी’ करू लागल्या. पंजाबी तोंडातून तो ‘मौशी’सारखा निघे. मला तो ऐकू आला की मी उगीच फायली हलवत बसे.

तुम्हाला वाटेल, वहिनी मायाळू असतील. अजिबात नाही. माझ्या नाकाला मिरच्या झोंबत त्या याच गोष्टीने. सुधारणा, पुनर्वसन या शब्दांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. त्या चक्क शिक्षेच्या बाजूच्या होत्या. एखादी बाई रडत आपली कहाणी सांगू लागली की मी तिचा हात हातात घेई. वहिनी विचारत, "किया था?" तिने मान हलवली की म्हणत, "तो भुगत. फिर छुट्टी." आणि पुढची जुडी घेत. एवढंच. आणि तीच बाई पुढच्या गुरुवारी त्यांच्याच शेजारची जागा धरून बसे.

एकदा मी वाद घातलाच. म्हटलं, वहिनी, नुसती शिक्षा भोगून माणूस बदलत नाही. त्या म्हणाल्या, "मग नको बदलू दे. कोर्टानं सांगितलंय तेवढं भोगलं की ती मोकळी. तुझ्याकडं कधी मोकळी होणार? तू आपली बघतच बसणार, सुधारली का, सुधारली का. सासूसारखं."

सासूसारखं हे त्या माझ्या कनिष्ठ मदतनिसासमोर म्हणाल्या. मला दोन दिवस जेवण गेलं नाही.

आता मनजीतचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरूनच झालं.

मनजीत रोपडच्या बाजूच्या एका खेड्यातली विधवा, चाळिशीची. नवऱ्याचा पुतण्या एका संध्याकाळी तिच्या घरी आला आणि एक थैला ठेवून घे म्हणाला. तिने तो भुशाच्या खोलीत लपवला. दुसऱ्या दिवशी तो घेऊन गेला आणि जवळच्या बाजारात एक दुकानदार गोळ्या घालून मारला गेला. पुतण्या पुढे चकमकीत मेला. मनजीतला शिक्षा झाली. एकुलती मुलगी आजीकडे, म्हणजे मनजीतच्या सासूकडे, राहिली.

ती माझी सगळ्यात आवडती होती. माझ्या वर्गात पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलं ते तिने. अशा बायकांना मुदतीआधी सोडण्याचा विचार करायला सरकारी समिती येत असे आणि तिच्यापुढे मनजीतचं प्रकरण मी जीव ओतून तयार केलं होतं. घरात पुरुष नाही, समोर हत्यारबंद तरुण, नाही म्हणाली असती तर जीव गेला असता; ती गुन्हेगार नाही, परिस्थितीची बळी आहे. यात खोटं काय होतं? त्या काळात पंजाबात शेकडो घरांत हेच घडत होतं. आणि घाई होती. मुलीचं लग्न ठरलं होतं, लोहरीनंतरच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीनंतरच्या आठवड्यातलं. समितीने होकार दिला असता तर मनजीत लग्नाला घरी असती. तिने फक्त समितीपुढे तेच सांगायचं होतं, जे मी लिहिलं होतं.

आदल्या गुरुवारी मी अंगणाच्या कडेला उभी होते. मनजीत भाजी निवडता निवडता वहिनींना म्हणाली, "मावशी, मॅडमजी कहते हैं, बोलना मजबूर थी."

"थी क्या?"

मनजीतने दोन-चार देठ मोडले. मग म्हणाली, "उसने एक ही बार कहा था. बंदूक नहीं दिखाई. मुझे पता था थैले में क्या है. अपना बच्चा था, मैंने मना नहीं किया."

वहिनींचा हात थांबला. एरवी कधी थांबत नसे. त्या म्हणाल्या, "सच बोलेगी तो बेटी की शादी जाएगी. सोच के बोल." आणि पुन्हा देठ मोडायला लागल्या.

समितीपुढे मनजीत सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "जी, मुझे पता था." अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि प्रकरण तिथेच मिटलं. राहिलेली सगळी शिक्षा आता तिला आत काढायची होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तडक हवाई दलाच्या वसाहतीत वहिनींच्या घरी गेले. त्या दिवसांत गेटवर ओळखपत्र, झडती, नोंद, सगळं करून आत पोहोचेपर्यंत राग थोडा निवतो म्हणतात. माझा निवला नाही. वहिनींनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हाताला कणीक होती. मी दारातच सुरू झाले. तुम्हाला एक मनापासून सुधारलेली बाई बघवली नाही, एका आईला तुम्ही लेकीच्या लग्नाला मुकवलंत, असं बरंच काही.

बोलता बोलता माझं लक्ष भिंतीकडे गेलं. एका तरुणाचा फोटो होता, हार घातलेला. नाक-डोळे वहिनींचेच. मी थांबले. त्या म्हणाल्या, "धाकटा भाऊ माझा. बँकेत होता, इथंच पंजाबात. बस थांबवली नि उतरवून मारलं." जेवणात मीठ कमी पडलंय हे सांगावं त्या आवाजात.

इतकी वर्षं मंडळात आम्ही शेजारी बसलो होतो आणि हे कुणालाही माहीत नव्हतं. आणि मला काय वाटलं सांगू? दया नंतर वाटली. आधी वाटलं, म्हणजे यांच्याकडे हेही आहे. मी रात्र रात्र जागून पुस्तकं वाचली, पदवी घेतली, आणि गुन्हा, शिक्षा यांवर बोलायचा खरा हक्क मात्र भिंतीवर फोटो असलेल्या या बाईचा. त्या फोटोपुढे माझं काय चालणार? मी चिडून म्हटलं, "म्हणजे सूड घेतलात तुम्ही."

वहिनींनी हात धुतले, पदराला पुसले आणि समोर बसल्या.

"सूड कुणावर घ्यायचा? मारणारे सापडलेच न्हाईत. बसमधली माणसं म्हणाली, आम्ही काय पाहिलं न्हाई. ढाबेवाला म्हणाला, मला काय म्हाईत न्हाई. गावच्या सरपंचापासनं सगळे हात जोडून सांगत होते, बहनजी, हमें कुछ पता नहीं. मला आजवर एकानं सुद्धा ‘पता था’ म्हटलं न्हाई. ती बाई म्हणाली. आणि तू तिच्या तोंडातनं तेवढंच काढून घ्यायला निघालीस."

मी म्हटलं, "मग तुम्ही तिला माफ केलंत?"

"माफी मी कोण देणार? नि द्यायची बी न्हाई. ती भोगतीय, तेवढं पुरे हाय मला. ती भोगतीय म्हणून तर मी तिच्याजवळ बसू शकते." मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "चहा घेतीस का?"

मी चहा घेतला. नाही कशी म्हणणार? आलंही छान पडलं होतं त्यात.

मी त्यांच्याशी अबोला धरला. म्हणजे मी धरला. त्यांच्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे. गुरुवारी त्या येत, मी कचेरीत बसे. खिडकीतून दिसे. मनजीत समितीच्या दिवसानंतर काही दिवस जेवली नव्हती. मी तिला तीन वेळा समजवायला गेले. वहिनींनी तिच्यापुढे सरसोंची जुडी टाकली आणि म्हणाल्या, "काम करते करते रो." ती रडत रडत निवडू लागली. मला समजत नव्हतं की जिच्यामुळे लग्न हुकलं तिच्याच शेजारी ही बाई कशी बसते. मी असते तर बसले नसते.

लोहरी झाली, संक्रांत झाली. लग्नाचा दिवस उजाडला. मी घरी होते, थंडी मी म्हणत होती. दुपारी फोन वाजला. विंग कमांडर साहेब. अतिशय सभ्य माणूस. म्हणाले, "आमच्या मंडळी पोहोचल्या का तुमच्याकडे? हळदीकुंकू आहे ना? संध्याकाळी गाडी पाठवतो न्यायला."

माझ्याकडे हळदीकुंकू नव्हतं. पण एका क्षणात मला सगळं कळलं. मागच्या गुरुवारी वहिनी मनजीतला विचारत होत्या, गावाला कुठली बस जाते, फाट्यापासून चालावं किती लागतं. मला वाटलं होतं, आपल्या नुसत्या गप्पा. ज्या रस्त्यांवर अतिरेकी बसमधून हिंदू माणसं उतरवून मारत होते, जिथे आमच्यातलं कुणीही कामाशिवाय जात नव्हतं, त्या रस्त्याने कपाळावर ठसठशीत कुंकू लावून ही बाई बसने लग्नाला गेली होती.

"हो, आल्यात ना," मी म्हटलं. "गाडी पाठवू नका, हेच सोडतील." आणि फोन ठेवला.

ती दुपार मी कशी काढली ते मलाच ठाऊक. मी देवापुढे दिवा लावला. पुन्हा पुन्हा दारात गेले. भीती वाटत होती हे खरंच आहे. पण त्याच वेळी आत काहीतरी कुरतडत होतं. मनजीत माझी. तिची मुलगी मला नावाने माहीत, तिला मी वही-पेन्सिली पाठवल्या. आणि लग्नाला जावं हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही. वहिनींच्या आलं. वर त्यांनी मला विचारलंही नाही. माझं फक्त खोटं हळदीकुंकू वापरलं.

दिवस मावळायच्या आत रिक्षा थांबली. वहिनी उतरल्या, बुटांना चिखल, हातात लाडवांचा पुडा. आत येऊन सोफ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "भूक लागलीय. तिथं मेलं सगळं गोड." मी पिठलं-भात केला. खाता खाता त्यांनी सांगितलं. बसमध्ये एक म्हातारे सरदारजी त्यांच्याकडे बघून सोबत म्हणून शेवटपर्यंत शेजारच्या जागेवरून उठले नाहीत, आपला फाटा आला तरी. मनजीतच्या माहेरच्यांनी तिच्याशी संबंध तोडले होते, त्यामुळे लग्नात मुलीच्या आजोळचं कुणीच नव्हतं. वहिनी जाऊन त्या जागेवर बसल्या. कोण म्हणून विचारलं तेव्हा म्हणाल्या, मौसी. आणि नवरी निघाली तेव्हा सगळ्या गावासमोर तिची ओटी भरली.

मी विचारलं, "वहिनी, एवढं होतं तर मग त्या दिवशी तिला खोटं बोलू द्यायचं होतं. सुटली असती. स्वतःच गेली असती."

त्या ताटातला भात गोळा करत राहिल्या. "शिक्षा तिला झालीय. तिच्या पोरीला कुठं झालीय? कोर्टानं दिलंय तेवढंच. वर एक घास न्हाई." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "सांगितलं असतं तर आली असतीस?"

मी म्हटलं, "भात वाढू का अजून?"

गुरुवारी अंगणात त्यांनी ते लग्न सांगितलं. मी कचेरी सोडून व्हरांड्यात येऊन उभी राहिले. नवऱ्या मुलाची उंची किती, सासू कशी बोलते, भांगडा करताना कोण पडलं. मनजीतने एवढंच विचारलं, मुलीचा सूट, म्हणजे सलवार-कमीज, कुठल्या रंगाचा होता. वहिनी म्हणाल्या, "लाल. पण नवा कोरा लाल न्हाई, राणी कलरकडं झुकणारा." हे मात्र त्यांना मराठीतच आलं आणि कुणाला तरी ते पंजाबीत सांगावं लागलं. मनजीतने ओढणी तोंडात धरली. वहिनींनी तिला जवळ घेतलं नाही. लाडू मोडून सगळ्यांना वाटला आणि भाजीचा ढीग पुढे ओढला.

मी तुम्हाला विचारते, तुम्ही काय म्हणाल? वहिनी बरोबर होत्या? मला अजून तसं वाटत नाही. खरं बोलण्यापायी एका आईने लेकीची पाठवणी गमावली, ती परत मिळत नाही, आणि कुणी दुसऱ्याने जाऊन ती भरून निघत नाही. पण माझ्या म्हणण्याप्रमाणे सुटली असती तर मनजीत त्या लग्नात कशी उभी राहिली असती, याचंही उत्तर माझ्याकडे नाही. हा वाद मी आजही त्यांच्याशी घालते. त्या समोर नसल्याने कधी कधी जिंकतेही.

मनजीतची मुदत संपली तेव्हा उन्हाळा लागला होता. मनजीत दाराशी आली. मला तिने हात जोडले. "सत श्री अकाल, मॅडमजी. आपने मुझे लिखना सिखाया." मी तिच्यासाठी सगळी व्यवस्था केली होती. शिवणयंत्र, ओळखीच्या संस्थेचा पत्ता, महिन्याने भेटायची तारीख. तिने ते सगळं मान हलवत ऐकलं.

मग ती वहिनींपुढे उभी राहिली. ओढणी तिने न सांगताच पसरली. तांदूळ पडले, नारळ पडला, खण पडला. "मावशी, मैं जाती हूँ."

"जा," वहिनी म्हणाल्या. आणि पाठ फिरवली. त्या पाठीकडे मनजीत किती तरी वेळ बघत राहिली. माझ्याकडे तसं आजवर कुणी बघितलेलं नाही.

मनजीत महिन्याने भेटायला आली नाही. मी निरोप पाठवले, संस्थेकडे चौकशी केली. वहिनींना म्हटलं, तुम्हाला काळजी नाही वाटत? त्या म्हणाल्या, "सुटलीय की ती. आता तिच्या मागं लागायचं न्हाई." त्यांनी तिचं नावसुद्धा पुन्हा काढलं नाही.

पुढच्या वर्षी साहेबांची बदली झाली, पार आसामकडे. शेवटच्या गुरुवारी अंगणात रडारड झाली. वहिनी तिथेही आपल्या नियमाला जागल्या. दारातून वळून म्हणाल्या, "जाती हूँ." त्या तुरुंगातून बाहेर पडताना त्या स्वतःसुद्धा कधी ‘येते’ म्हणाल्या नाहीत.

आमच्याकडे शेवटचं जेवून निघाल्या तेव्हा मी त्यांची ओटी भरली. सेक्टर २२ मधल्या केरळी दुकानातून नारळ आणला होता, त्या जिथून आणत तिथूनच. त्यांनी पदर पसरला. जिना उतरता उतरता वर बघून म्हणाल्या, "येते गं."

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी, ऐन थंडीत, दारात मनजीत. बरोबर मुलगी, मुलीच्या कडेवर तान्हं. पिशवीत शेतातली सरसों. माझं घर शोधत आली होती. मला इतका आनंद झाला की मी पाणी आणायला धावलेच. बसली, पाणी प्यायली आणि मग इकडेतिकडे बघत म्हणाली, "मॅडमजी, मावशी का घर किधर है? बच्चा दिखाना था."

म्हणजे वहिनींचा पत्ता विचारायला आली होती. मी सांगितलं, बदली झाली, लांब गेल्या. तिचा चेहरा उतरला. तिने विचारलं, "जाते हुए क्या बोलीं?"

मी म्हटलं, "मुझे? ‘येते’ बोलीं. आती हूँ."

मनजीत माझ्याकडे बघतच राहिली. तिला त्या शब्दाचा अर्थ माझ्याइतकाच ठाऊक होता. हळूच म्हणाली, "मुझे तो बस ‘जा’ बोला था." आणि मी तिच्या तोंडावर ते पाहिलं. अगदी तेच, जे इतकी वर्षं माझ्या तोंडावर असणार. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू. मी उठून तिच्यासाठी आलं घालून चहा केला. मग आम्ही दोघी सरसों निवडत बसलो.

वहिनी आल्या नाहीत. निवृत्तीनंतर ते साताऱ्याला गेले, आम्ही पुण्यात परतलो, आज जाऊ, उद्या जाऊ असं होत राहिलं. मग एक दिवस मंडळातल्या कुणाकडून तरी कळलं, झोपेतच गेल्या. जाताना काही बोलल्या नाहीत म्हणे. बोलायचं कारणच नव्हतं. मला त्या आधीच सांगून गेल्या होत्या, येते म्हणून.